फोन, टीव्ही अन् खडू: खान्देशातल्या शाळेत टेक्नॉलॉजी खरंच कामी लावायची असेल तर

आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बऱ्याच शाळांमध्ये आता टीव्ही पोचलेत. कुठे लोकवर्गणीतून, कुठे ग्रामपंचायतीच्या निधीतून, कुठे कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकामासाठीच्या निधीतून), तर कुठे सुरतला सेटल झालेल्या माजी विद्यार्थ्याने दिलेला. आणि त्यातले कितीतरी ऑफिसात कपाटाशेजारी कपडा घालून उभे असतात, पाहुणे आले किंवा केंद्राची (आजूबाजूच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद आपल्या शाळेत असली की कपडा निघतो. नाहीतर मग दुसरं टोक.. टीव्ही वर्गात आहे, सकाळी पेनड्राइव्ह लावला की गाणी-गोष्टी चालू, पोरं बघताहेत आणि सर बाजूला बसून ऑनलाइन माहिती भरताहेत (भरावी लागते हो, त्याला कोणाचा इलाज नाही, पण त्याला शिकवणं म्हणता येत नाही).

मला विचाराल तर बाहेरचा व्हिडिओ स्क्रीनवर आणण्याआधी वर्गातलं काहीतरी स्क्रीनवर आणा. पोराची वही, पोराचा आवाज, गावाची नदी. जे फळ्यावर होतं ते फळ्यावरच होऊ द्या, त्यासाठी टीव्ही पेटवायची गरज नाही. जे फळ्यावर होतच नाही त्यासाठी टीव्ही. एवढं धरून पुढचं सगळं वाचा, आणि तुमच्या शाळेत जे आहे तेवढंच उचला.

सामानाचं बघून घ्या आधी

नवीन घेणार असाल तर प्रोजेक्टर की टीव्ही हा प्रश्न येतोच. माझं मत टीव्ही. आपल्याकडे वर्गांना मोठ्या खिडक्या, मार्चपासून ऊन असं पडतं की प्रोजेक्टरवरचं चित्र धुवून निघतं, पडदे लावले तर पोरं उकडून निघतात. शिवाय प्रोजेक्टर स्वतः तापतो, धूळ खातो आणि चाळीसच्या पुढे पारा गेला की मधेच बंद पडतो. मोठा हॉल असेल, सगळी शाळा एकदम बसवायची असेल तर गोष्ट वेगळी.

साइजचं गणित मात्र करून घ्या, दुकानदार करून देत नाही. शेवटच्या बाकावरच्या पोराला अक्षर वाचता यायला हवं असेल तर ते पोरगं स्क्रीनच्या उंचीच्या सहा पटीपेक्षा लांब नको, हा सर्वसाधारण नियम. ४३ इंची टीव्हीची उंची साधारण ५३ सेंटिमीटर भरते, म्हणजे सव्वातीन मीटर, दहा-साडेदहा फूट, संपलं. ५५ इंचीला चार मीटरच्या आसपास. आता तुमच्या वर्गाची लांबी टेपने मोजा आणि बघा मागच्या तीन ओळींना काय दिसत असेल. टीव्ही लहान असेल तर अक्षर मोठं करा, एका स्क्रीनवर चार-पाच ओळींच्या वर लिहूच नका, किंवा सरळ पोरांना बाकावरून उठवून खाली सतरंजीवर जवळ बसवा. टीव्ही खिडकीच्या समोर नको, खिडकी ज्या भिंतीत आहे त्याच भिंतीकडे पाठ करून पण नको, बाजूच्या भिंतीवर लावा. उंची अशी की खाली बसलेल्या पोराची मान दुखू नये. बरेच जण चोरीच्या भीतीने पार छताजवळ टांगतात, त्यापेक्षा कुलूपवालं ब्रॅकेट घ्या.

लाइटीचं काय सांगायचं, तुम्हाला माहितीये. व्होल्टेज वरखाली होतं तिथे स्टॅबिलायझर लावाच, नुसतं स्पाइक गार्डचं एक्स्टेंशन पुरत नाही. इन्व्हर्टर असेल तर हिशोब सोपा आहे, १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, त्यातली निम्मीच वापरायची धरा म्हणजे बॅटरी टिकते. टीव्ही, स्पीकर आणि एक पंखा मिळून १७५ वॅटच्या आसपास गेले तर, थोडी वीज इन्व्हर्टर स्वतःच खातो हे धरून, चार तास निघतात. म्हणजे लोडशेडिंगमुळे टीव्ही चालवता येत नाही ही अडचण बॅटरी एकदा बसवली की बरीच हलकी होते. फक्त इन्व्हर्टरला ऑफिसातला कूलर जोडू देऊ नका कोणाला.

आवाज. टीव्हीचा आवाज पत्र्याच्या शेडमध्ये पावसात काहीच ऐकू येत नाही आणि सिमेंटच्या रिकाम्या खोलीत घुमतो. साधा ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि तो टीव्हीजवळ न ठेवता वर्गाच्या मधोमध ठेवा, लगेच फरक कळेल.

फोन टीव्हीला जोडायचा कसा, इथे सगळे अडकतात. पहिला मार्ग, बऱ्याच स्मार्ट टीव्हीत स्क्रीन मिररिंग किंवा मिराकास्ट असतं, फोनमध्ये कास्ट किंवा स्मार्ट व्ह्यू नावाने सापडतं, त्याला इंटरनेट लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात. दुसरा, वायर. पण बाजारातून टाइप-सी ते एचडीएमआय केबल आणायच्या आधी फोन तपासा, कारण स्वस्तातल्या बहुतेक फोनच्या पोर्टमधून चित्र बाहेर काढायची सोयच नसते, केबल कितीही भारी आणा, चालणार नाही. दुकानातच फोन लावून बघा, मग पैसे द्या. तिसरा मार्ग पेनड्राइव्ह, कधी दगा देत नाही. व्हिडिओ एमपी-४ मध्ये ठेवा, आणि जुना टीव्ही फाइल दाखवत नसेल तर बऱ्याचदा फाइल चार जीबीच्या वर असते किंवा नव्या फॉरमॅटमधली असते, तीच ७२० क्वालिटीवर पुन्हा उतरवून घ्या.

फोन उलटा करून ठेवा

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. एक स्टूल घ्या, त्यावर दोन्ही बाजूंना पुस्तकांचे गठ्ठे रचा, वर काचेची पट्टी किंवा पारदर्शक पट्टी आडवी ठेवा आणि त्यावर फोन, कॅमेरा खाली. मिररिंग चालू. आता खाली जे ठेवाल ते टीव्हीवर. बाजारात याला डॉक्युमेंट कॅमेरा म्हणून चांगले पैसे घेतात. इथे खर्च शून्य.

समजा चौथीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चाललीये, ५०२ वजा १७८. वह्या बघत फिरा आणि एक वही उचला जिच्यात उत्तर ४७६ आहे. नाव झाका (हे विसरू नका, वर कागद ठेवा), वही कॅमेऱ्याखाली. आता काही बोलू नका. पोरं बघतील. कोणी म्हणेल चूक आहे, विचारा कुठे? मग हळूहळू निघतं की या वहीत प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढलाय, पाचातून एक चार, शून्य आणि सातात सात, दोन आणि आठात सहा. एखादं पोरगं आपल्या अहिराणीत ओरडेल, "दोनमातून आठ जातस नई ना सर!" आणि तिथेच धडा सुरू झाला. मग विचारा, बरं मग हे ४७६ खोटं आहे हे वजाबाकी पुन्हा न करता कसं सिद्ध करायचं? ४७६ मध्ये १७८ मिळवा, ६५४ येतात, ५०२ कुठे? आता कॅमेऱ्याखाली काड्यांचे गठ्ठे ठेवा, पाच शतक, दशक एकही नाही, सुटे दोन. दशकाच्या घरात काहीच नाही मग सुट्टा कोणाला करायचा? शतक फोडावं लागतं, आधी दहा दशक, मग त्यातला एक फोडून दहा सुटे, आणि हे सगळं चाळीस पोरांना एकदम दिसतं. टेबलाभोवती गर्दी नाही, "सर मला दिसत नाही" नाही. उत्तर ३२४ निघेपर्यंत कोणी हलत नाही.

हेच कशालाही चालतं. कपाशीच्या बोंडातली अळी. जास्वंदाचं फूल उभं चिरून. नकाशावाचन. निबंधाची पहिली तीन वाक्यं, कोणाचं सुरुवातीचं वाक्य चांगलंय आणि का. स्कॉलरशिपच्या पोरांच्या आकृत्या. हस्ताक्षर. मी तर म्हणतो शाळेत फक्त एवढं एकच केलं आणि बाकी काही नाही केलं तरी टीव्हीचे पैसे वसूल.

एक पथ्य, चुकीची वही दाखवली त्याच तासात एक अफलातून वही पण दाखवा, आणि चूक दाखवताना "कोणाची" हा प्रश्न वर्गात येऊच देऊ नका. ज्याची वही आहे त्याला कळतंच.

तापी घरी बसून रेकॉर्ड करा

शाळेत नेट नाही ही खरी अडचण आहे, विशेषतः धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडे, आणि सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा यावल रावेर शिरपूरच्या पाड्यांवर सुद्धा. पण नेट वर्गात लागतंच असं नाही, तुमच्या घरी असलं तरी चालतं. फोनमध्ये स्क्रीन रेकॉर्डर असतो, वरून पडदा खाली ओढला की सापडतो. गुगल अर्थ उघडा, रेकॉर्डर चालू करा आणि बोटाने नदी चालत जा.

तापीचं असं करा. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईपासून सुरू करा, मग बऱ्हाणपूर, मग चांगदेवला पूर्णा येऊन मिळते तिथे जरा थांबा, जवळ जा, दोन नद्यांचं पाणी एकत्र कसं दिसतं ते दाखवा. पुढे हतनूर धरण, भुसावळ, मग गिरणा येते, मुडावदला पांझरा, सारंगखेडा, प्रकाशा, पुढे उकाईचा मोठा जलाशय आणि सुरतेजवळ समुद्र. एकूण ७२४ किलोमीटर. आवाज रेकॉर्ड करू नका, मुकंच ठेवा, बोलायचं काम वर्गात. पाच-सहा मिनिटांची फाइल होते, पेनड्राइव्हवर टाका, झालं.

वर्गात लावताना दर अर्ध्या मिनिटाला थांबवा. आपलं गाव कुठे? आपला ओढा कोणाला जाऊन मिळतो? महाराष्ट्रातल्या गोदावरी, कृष्णा, भीमा सगळ्या पूर्वेकडे वाहतात आणि ही आपली बाई पश्चिमेला का निघाली? मग सातपुडा आणि दक्षिणेचा अजिंठा-सातमाळ्याचा डोंगर यांच्या मधली दरी दिसते, उत्तर पोरंच देतात. मग पोरांना वहीत नुसती रेघ ओढायला लावा, मुलताई ते सुरत, आणि उपनद्या डाव्या की उजव्या ते भरायला. ही रेघ वहीत उतरली नाही तर व्हिडिओ बघून काही उपयोग नाही, घरी गेल्यावर विसरलं.

याच पद्धतीने चाळीसगावजवळचं पाटणं दाखवा, तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा उल्लेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. गणिताच्या तासाला दाखवा, इतिहासाच्या नको. पोरांना वाटतं गणित म्हणजे बाहेरून आलेली भानगड, आपल्याच जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी त्याची शाळा होती हे कळलं की बघा.

तयार व्हिडिओ लावायचेच असतील तर

लावा की, कोण नको म्हणतंय. बालभारतीच्या पुस्तकात धड्याला क्यूआर कोड असतो, सरकारच्या दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य येतं आणि ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवता येतं, नंतर नेट नको. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत, कविता मोठी करून दाखवायला त्या बऱ्या पडतात. क्यूआर कोडवरून आठवलं, आपल्या सोलापूरकडचे डिसले गुरुजी, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ ज्यांना मिळाला, त्यांचं नाव याच कामासाठी गाजलं, आणि सुरुवात जिल्हा परिषदेच्याच शाळेतून.

पण व्हिडिओ लावण्याची पद्धत सांगतो. लावायच्या आधी फळ्यावर दोन प्रश्न लिहा ज्यांचं उत्तर त्यात आहे. दोन-तीन मिनिटांनी थांबवा, पुढे काय होईल ते विचारा. एकदा आवाज बंद करून लावा आणि पोरांना समालोचन करायला सांगा, विज्ञानाच्या व्हिडिओला हे भारी जमतं, कारण जे समजलं नाही ते बोलता येत नाही, लगेच उघडं पडतं. पाच मिनिटांच्या व्हिडिओला पंधरा मिनिटं लागली पाहिजेत. तीस मिनिटांचा व्हिडिओ सलग लावलात तर मागची ओळ झोपलेली असणार, आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा असेल तर पुढची पण.

युट्यूब थेट वर्गात चालवू नका, मधे जाहिरात कसली येईल सांगता येत नाही. आधी डाउनलोड. नाहीच जमलं तर ऑटोप्ले बंद आणि प्रतिबंधित मोड चालू.

आठवी ते दहावीवाल्या सरांसाठी

हायस्कूलला प्रयोगशाळा नावाची खोली असते आणि तिला कुलूप असतं. फोनमध्ये एक प्रयोगशाळा आहे ती वापरा. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं, फोनचे सेन्सर वापरून प्रयोग करतं. त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच घ्या आणि ध्वनीचा वेग मोजा, पुस्तकात वाचायचा नाही, मोजायचा.

दोन फोन, व्हरांड्यात टेपने बरोबर पाच मीटर अंतरावर. दोन्हीत ते स्टॉपवॉच तयार ठेवा. पहिल्या फोनजवळच्या पोराने टाळी वाजवायची, त्याचा फोन लगेच सुरू होतो, दुसरा थोडा उशिरा, कारण आवाजाला पाच मीटर जायला वेळ लागतो. मग दुसऱ्या फोनजवळच्याने टाळी वाजवायची, त्याचा फोन लगेच थांबतो, पहिला उशिरा. दोन फोनच्या वेळेत जो फरक येतो तेवढ्यात आवाज दहा मीटर गेला. फरक साधारण ०.०२९ सेकंदाच्या आसपास येतो, भागाकार पोरांनी करायचा, ३४५ च्या आसपास मीटर दर सेकंद. आजूबाजूला ट्रॅक्टर, डीजे काही नको, शांत वेळ बघा, आवाजाची मर्यादा ॲपमध्ये कमीजास्त करता येते, आणि पाच-सहा वेळा करून सरासरी काढा, एका वेळेत भलतंच काही येऊ शकतं. मजा पुढे आहे. तापमान वाढलं की आवाज जोरात पळतो, एका अंशाला साधारण ०.६ मीटर. म्हणजे जानेवारीच्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी उत्तर वेगळं यायला पाहिजे, चाळीस अंशाला ३५५ च्या घरात. आपल्याकडच्या उन्हाचा असा काहीतरी उपयोग करून घ्या भो.

वीज, अपूर्णांक, घनता यासाठी फेटची सिम्युलेशनं (स्क्रीनवर स्वतः करून बघायचे प्रयोग) आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची, नोबेलवाले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली. बरीचशी मराठीत पण आहेत, डाउनलोड करून ब्राउझरमध्ये विनानेट चालतात. सर्किटचं सिम्युलेशन खऱ्या बल्ब-बॅटरीच्या आधी नाही, नंतर दाखवा. आधी हाताने वायर जोडू दे, बल्ब लागला नाही तर चिडू दे, मग स्क्रीनवर इलेक्ट्रॉन पळताना दिसले की अर्थ लागतो. भूमितीला जिओजेब्रा, त्रिकोणाचा कोपरा धरून ओढला तरी कोनांची बेरीज १८० च राहते हे फळ्यावर खडूने दाखवायला दहा त्रिकोण काढावे लागतील. बस, यावर जास्त लिहीत नाही, वापरून बघा.

भाषेचं काम फोनवर फार चांगलं होतं

पहिलीत आलेलं पोर घरी पावरी बोलतं, भिलोरी बोलतं, नवापूरकडे मावची, इकडे अहिराणी, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. सर दुसऱ्या तालुक्यातले, सरांना पावरी येत नाही. इथे कोणतंही ॲप तयार मिळणार नाही, तुम्हीच बनवायचं. वर्गातल्या पन्नास वस्तूंचे, भाज्यांचे, जनावरांचे फोटो काढा, प्रत्येक फोटोला मोठ्या वर्गातल्या पोरीच्या आवाजात आधी घरचा शब्द, मग मराठी शब्द. फोनच्या साध्या रेकॉर्डरवर होतं. फोटो आणि आवाज जोडून छोटा व्हिडिओ, तोच पहिलीच्या पोरांना जूनमध्ये महिनाभर दाखवा. सरांनी पण ऐका, दिवाळीपर्यंत तुम्हाला पण शब्द यायला लागतात. अंगणवाडीताईंना पण पाठवा.

पुस्तकात बहिणाबाईंची कविता असली की ती आपण प्रमाण मराठीच्या सुरात वाचतो आणि तिचा सगळा रस जातो. आसोदा, भादली, यावल, सावदा भागात लेवा बोली बोलणाऱ्या आज्या अजून आहेत, एखाद्या आजीकडून ती कविता म्हणून घ्या, रेकॉर्ड करा, वर्गात लावा. खर्च एक कप चहाचा, तोही आजीच पाजेल.

वाचन सरावाला गुगलचं रीड अलाँग ठीक आहे, मराठी आहे, गोष्टी एकदा उतरवल्या की नेटशिवाय चालतं, पोर मोठ्याने वाचतं आणि ॲप ऐकून शब्दाला रंग देतं. फक्त एका खोलीत दहा पोरं दहा फोनवर वाचायला बसवली तर ॲपला कोणाचं काय ऐकू जातंय कळत नाही. व्हरांड्यात लांब लांब बसवा, एका फोनवर तीन पोरं आळीपाळीने. आणि आपल्याकडच्या उच्चाराला ॲप कधीकधी चूक देतं, ळ आणि य मध्ये गडबड होतेच, तर पोराला सांगा की मशीनला आपली बोली कळत नाही, तू बरोबर आहेस, प्रमाण उच्चार असा आहे एवढंच.

एकाच फोनवर सगळ्या वर्गाची परीक्षा

पोरांकडे फोन नाहीत, मग प्रश्नमंजुषा कशी घ्यायची? प्लिकर्स नावाचं ॲप. प्रत्येक पोराला एक छापील कार्ड, त्यावर चौकोनी ठिपक्यांची नक्षी, चार बाजूंना चार पर्याय. उत्तर ब वाटलं तर ब ची बाजू वर करून कार्ड धरायचं, तुम्ही ॲप उघडून फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवा, कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर दिसतं. अक्षर इतकं बारीक असतं की शेजारच्याला कॉपी करता येत नाही. कार्ड साध्या कागदावर छापा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, पण चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला वाचता येत नाही. थोडं नेट लागतं, फोनच्या डेट्यावर भागतं.

फायदा मार्कांचा नाही. फायदा हा की निम्मा वर्ग एकाच चुकीच्या पर्यायावर गेलाय हे तुम्हाला त्याच मिनिटाला कळतं, घटक चाचणीची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे चुकीचे पर्याय विचार करून ठेवा. ५०२ वजा १७८ च्या पर्यायात ४७६ असलंच पाहिजे.

दोन वर्ग एक गुरुजी, आणि दिवाळीनंतर रिकामे बाक

द्विशिक्षकी शाळेत टीव्हीचा खरा उपयोग म्हणजे एका गटाला वीस मिनिटं गुंतवून ठेवता येतं आणि तोपर्यंत दुसऱ्याला नीट शिकवता येतं. पण त्या गटाला हातात काम द्या. बघता बघता भरायचा कागद, आणि एक मॉनिटर जो व्हिडिओ थांबवेल. हेडफोनची भानगड नको, आवाज कमी ठेवा आणि त्यांना टीव्हीजवळ घ्या. पहिली-दुसरीला असं एकटं सोडू नका, मोठ्यांनाच.

दुसरा विषय स्थलांतराचा. चाळीसगाव पट्ट्यातल्या तांड्यांवरून ऊसतोडीला, नंदुरबारकडून गुजरातेत कामाला, दिवाळी झाली की पोरं आईबापाबरोबर जातात. हंगामी वसतिगृह झालं तर उत्तम, पण जी जातात त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप एवढं एकच टिकतं. मोठे व्हिडिओ पाठवू नका, फडावर रेंज नसते आणि रिचार्ज संपलेला असतो. दीड-दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज, संध्याकाळी सातनंतर, कारण तेव्हाच फोन घरी असतो. पुस्तकाचा पान नंबर सांगा, एक काम सांगा, आणि पोराला उलट व्हॉइस मेसेजवरच वाचून पाठवायला सांगा. नावाने हाक मारून सुरुवात करा. पोरगं परत आलं तेव्हा शाळा ओळखीची राहते, हे पण काही कमी नाही.

एआयचं काय करायचं

सगळे विचारताहेत म्हणून. चॅटजीपीटी, जेमिनी यांचा चांगला उपयोग म्हणजे सराव उदाहरणं. नुसतं "पाचवीसाठी गणितं दे" म्हणाल तर सफरचंद आणि पेन्सिली येतील. असं मागा: "इयत्ता पाचवी, गुणाकार आणि भागाकार, दहा शाब्दिक उदाहरणं, रावेरच्या केळीचे घड, कपाशीचे क्विंटल, भुसावळहून सुटणारी रेल्वे, भरीताची वांगी असे संदर्भ घे, वाक्य छोटी, बोलीतली मराठी, शेवटी उत्तरं वेगळी." मग मिळतं ते बरं असतं.

पण तपासा, दरवेळी तपासा. भाषा पुस्तकी येते, "सदर शेतकऱ्याने" वगैरे, ती बदला. उत्तरं स्वतः सोडवून बघा. आणि आकडे आपल्याकडच्या माणसाला हसू येईल असे असू शकतात, समजा केळीचा एक घड दोनशे किलोचा. असं आलं तर ते खोडू नका, तसंच टीव्हीवर दाखवा आणि विचारा यात काय चुकलंय. ज्याच्या घरी केळीचा बाग आहे ते पोर लगेच सांगतं की घड वीस-पंचवीस किलोचा असतो. मशीनला पण चुकतं हे पोरांना वर्गातच कळलेलं बरं. पोरांची नावं, जात, आधार नंबर, मार्कांच्या याद्या असल्या गोष्टी मात्र या ॲपमध्ये टाकायच्या नाहीत, सोय म्हणून सुद्धा नाही.

फोटो, कुलूप, उंदीर

वर्गात चांगलं काही झालं की फोटो काढून ग्रुपवर, स्टेटसला टाकायची सवय आपल्याला आहे. पोरांचे चेहरे टाकायच्या आधी पालकांची लेखी परवानगी घ्या, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते असंच आहे. जूनमध्ये पालक सभेला एकदाच फॉर्म भरून घ्या, सही नाही तर अंगठा. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या पोरांना फोटोत घ्यायचं नाही, आणि बाजूला उभं पण करायचं नाही, फोटो मागून काढा, पाठी दिसू द्या, हाताचं काम दिसू द्या.

वस्तू डेडस्टॉकला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) चढवा, बिलाचा फोटो काढून ठेवा, वॉरंटी कधी संपते ते कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. टीव्ही चालू-बंद करायचं, वायर लावायचं काम सातवीच्या दोन मुली आणि दोन मुलांना शिकवा, मुलींना आधी, नाहीतर पोरं रिमोट सोडत नाहीत. सर बदली होऊन गेले तरी शाळेत कोणीतरी असतं ज्याला माहितीये.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सगळे प्लग काढा, नुसतं बटण बंद करून जाऊ नका, मे-जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात विजा आपल्याकडे कशा पडतात माहितीये. केबल गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा, उंदरांना एचडीएमआय फार आवडते. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी जाताना बघा आणि शिपाईमामा किंवा शाळा समितीतल्या कोणाला तरी महिन्यातून एकदा ती चार्ज करायला सांगून जा, दोन महिने तशीच पडली तर जूनमध्ये नवीन घ्यावी लागेल आणि त्यासाठी पुन्हा लोकवर्गणी मागायला कोणत्या तोंडाने जाणार?